हरळी, हिरवळ आणि हवामान

गणेशोत्सवाच्या दिवसांत आमच्या शिरपूरच्या शाळेत प्रार्थनेआधी एक ठरलेला देखावा असतो. मुले पिशव्या भरभरून दूर्वा आणतात आणि पायरीवर बसून एकवीस-एकवीस काड्यांच्या जुड्या बांधतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आठवीतला एक मुलगा जुडी बांधता बांधता म्हणाला, "सर, हाई ते आमना वावरमा मरतच नही!" बाकीची मुले हसली. पण त्याचे म्हणणे खरे होते. पूजेच्या ताटात जी दूर्वा, तीच कपाशीच्या शेतात हरळी. एकीला आपण हात जोडतो आणि दुसरीला कुदळ लावतो, एवढाच काय तो फरक.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याने दूरचित्रवाणीवर दुबईतला गोल्फचा सामना पाहिला होता. भोवती वाळवंट आणि मधे हिरवागार गालिचा. त्याने विचारले, "तिथे एवढ्या उन्हात कोणते गवत टिकते?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की उत्तर पायरीवरच पडलेले आहे. दुबईत १९८८ साली सुरू झालेल्या त्या मैदानावरचे गवत म्हणजे आपल्या हरळीचेच भाऊबंद. कुदळीचे हे गवत गालिच्यावर कसे जाऊन बसले याचा इतिहास मग आम्ही तासाला घेतला. तो आहे गोल्फचा, पण त्यात खरी कर्तबगारी आहे ती हवामानाची.

गोल्फचा जन्म स्कॉटलंडचा. १४५७ साली तिथल्या राजाने तिरंदाजीच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून या खेळावर बंदी घातली होती, म्हणजे खेळ त्याआधीचा असणार. तो वाढला समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर. तिथे शेती होत नसे. मेंढ्या आणि ससे चरत, त्यामुळे गवत आपोआप बुटके राही. पाऊस बारा महिने थोडा थोडा पडे, उन्हाळा सौम्य, आणि वाळूतून जास्तीचे पाणी झिरपून जाई. फेस्क्यू आणि बेंट या बारीक पात्यांच्या गवतांना याहून वेगळे काही नकोच होते. थोडक्यात, पहिली गोल्फची हिरवळ कोणी लावली नाही. हवा, वाळू आणि मेंढ्या यांनी ती तयार केली. मेंढीचे काम यंत्राकडे गेले ते पुढे. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्लिश कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती.

इंग्रज जिथे गेले तिथे हा खेळ गेला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. पुण्याचा क्लब १८८५ मध्ये निघाला आणि चेंबूरचा १९२७ मध्ये. खेळ जहाजातून आणता आला, काठ्या आणि चेंडू आणता आले. हवामान मात्र आणता आले नाही. विलायती गवताचे बी हिवाळ्यात उगवे, नाजूक हिरवे दिसे आणि एप्रिलच्या उन्हात करपून जाई.

मग काय करायचे? भारतातल्या अनेक छावण्यांत यावर एक गमतीदार तोड निघाली. चेंडू ज्या छिद्रात घालायचा, त्याच्या भोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला या खेळात 'ग्रीन' म्हणतात. छावण्यांतल्या मैदानांवर तिथे गवताऐवजी तेल पाजलेली वाळू दाबून बसवत. वाळू उडत नसे आणि चेंडू सरळ घरंगळे. रंग तपकिरी, म्हणून नाव पडले 'ब्राउन'. नाव बदलून हवामानाशी तडजोड करण्याचे इतके प्रांजळ उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

उरलेल्या मैदानावर मात्र कोणी न लावता एक गवत येऊन बसलेच होते. पावसाळ्यात पसरायचे, उन्हाळ्यात पिवळे पडायचे आणि मेले म्हणेपर्यंत पुन्हा फुटायचे. माळ्यांना ते ठाऊक होते. उत्तरेत त्याला दूब म्हणत, आपल्याकडे हरळी. बंगल्यांपुढच्या हिरवळीसाठीही शेवटी हेच गवत तुकडे करून लावण्याची पद्धत रूढ झाली.

हे गवत हातात घेऊन वर्गात दाखवावे असे आहे. जमिनीवर धावणारी त्याची खोडे पेऱ्यापेऱ्यावर मुळे सोडतात. यजुर्वेदातल्या दूर्वेच्या वर्णनात ही गोष्ट नेमकी टिपलेली आहे. जमिनीखाली दुसरी, पांढरट खोडे असतात. त्यांच्या टोकाशी दातासारखे खवले असतात, म्हणून शास्त्रीय नाव सायनोडॉन, म्हणजे कुत्र्याचा दात. फुलोरा हाताच्या बोटांसारखा फाकलेला, म्हणून पुढचा शब्द डॅक्टिलॉन. हे दुसरे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. कलकत्त्याचे सर विल्यम जोन्स यांनी हीच फुले भिंगाखाली पाहिली आणि त्यांना माणके आणि पाचू आठवले. शाळेतल्या साध्या भिंगातूनही ते जांभळट परागकोश सुरेख दिसतात. अवश्य पाहा.

आता मूळ प्रश्न. विलायती गवत करपते आणि हरळी का नाही? याचे उत्तर मिळायला १९६६ साल उजाडावे लागले. हवाईमध्ये उसावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्याआधीच काही वेगळे दिसले होते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक या दोघांनी त्याचा उलगडा केला. बहुतेक वनस्पती हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पकडतात तेव्हा पहिला पदार्थ तीन कार्बन अणूंचा तयार होतो. हे काम करणारे रुबिस्को नावाचे विकर उन्हाळ्यात गोंधळते. कार्बन डाय-ऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडू लागते आणि कमावलेले वाया घालवते. ऊस, मका, ज्वारी, बाजरी आणि हरळी यांनी यावर उपाय शोधला आहे. त्यांच्यात आधी चार कार्बन अणूंचा पदार्थ तयार होतो. तो शिरांभोवतीच्या पेशींच्या कड्यात नेऊन तिथे कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा केला जातो. रुबिस्कोभोवती त्याचीच दाटी, मग चूक होणार कशी? शिवाय पर्णरंध्रे थोडी मिटलेली ठेवूनही काम भागते, म्हणून पाणी वाचते.

खानदेशातल्या विद्यार्थ्याला हे समजावायला पुस्तक लागत नाही. गहू रब्बीतच का पेरतात आणि फेब्रुवारीत ऊन लवकर तापले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या का पडतात, हे त्याला माहीत असते. गहू हा फेस्क्यू आणि बेंटच्या पंथाचा. १५ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये तो सुखी. बाजरी आणि हरळी दुसऱ्या पंथाच्या. त्यांना २७ ते ३५ अंश मानवतात, आणि आपल्या ४२-४३ अंशांतही त्या जीव सोडत नाहीत. गोल्फच्या मैदानाचा सांभाळ करणाऱ्याचा पहिला निर्णय हाच: आपला प्रदेश गव्हाचा की बाजरीचा?

पण हरळी निवडली म्हणजे काम संपले असे नाही. तिचेही नखरे आहेत. सावली तिला मुळीच खपत नाही. मैदानाच्या कडेला मोठी झाडे लावली की त्यांच्याखाली ती विरळ होते. गंमत अशी, की आषाढ-श्रावणात पाणी भरपूर असूनही तिची वाढ म्हणावी तशी भरीव होत नाही. ढगांमुळे ऊन कमी, म्हणून पाती लांबट आणि पातळ होतात, आणि सतत ओली राहिल्याने बुरशी धरते. तिचे खरे सुगीचे दिवस भाद्रपद-आश्विनातले, पाऊस ओसरून ऊन पडते तेव्हाचे. थंडीत पुन्हा अडचण. धुळ्याकडे कडाक्याच्या थंडीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तिची वाढ थांबते. दिल्लीकडे तर ती तपकिरी होते, म्हणून तिथे हिवाळ्यापुरते राय नावाचे थंडीतले गवत तिच्यावर पेरण्याची पद्धत आहे. एकाच जमिनीवर ऋतूप्रमाणे दोन गवते. आपल्या खरीप-रब्बीसारखेच.

जमिनीचीही एक कथा आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. त्यावर सपाट ग्रीन टिकणार कसे? अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० मध्ये यासाठी एक रचना सुचवली. खाली सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर वाळूचे मिश्रण. आपल्याला वाटते, वाळूतून पाणी झरकन खडीत उतरेल. तसे होत नाही. बारीक कणांनी धरलेले पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, वरच अडते. वाळू पुरती भिजली की मगच जास्तीचे खाली सुटते. म्हणजे अतिवृष्टीत निचरा आणि उघडिपीत साठा, दोन्ही साधते. एक ओला स्पंज आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच उभा करा, पुन्हा थेंब गळतील. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

आणि कापणी! ग्रीनवरचे गवत अवघे ३-४ मिलिमीटर उंच ठेवतात. पान म्हणजे वनस्पतीचे स्वयंपाकघर. तेच रोज कापले तर मुळांना खायला काय मिळणार? मुळे उथळ राहतात, मग रोज पाणी आणि वरचेवर खत. शेतात हरळी चिवट असते कारण तिची खोडे खोल, काळ्या मातीत सुरक्षित असतात. ग्रीनवर तीच हरळी आजारी माणसासारखी जपावी लागते.

इतके बारीक कापलेले सोसेल अशी हरळी साध्या शेतातली नव्हे. ती घडवली एका माणसाने, आणि त्याचे नाव खानदेशातल्या शिक्षकाने लक्षात ठेवावे असे मला वाटते, गोल्फसाठी नव्हे तर भाकरीसाठी.

ग्लेन बर्टन यांचा जन्म १९१० चा. १९३६ मध्ये ते अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथील शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. जॉर्जिया हा कापसाचा प्रदेश, आणि तिथले शेतकरी हरळीला, तिकडच्या भाषेत बर्म्युडा गवताला, आपल्याइतकेच वैतागलेले. बर्टन यांनी या शत्रूलाच कामाला लावायचे ठरवले. १९४३ मध्ये त्यांनी गुरांच्या चाऱ्यासाठी 'कोस्टल' हा वाण दिला. १९४६ पासून गोल्फ संघटनेचे अर्थसाहाय्य मिळू लागले, तेव्हा ते मैदानांकडे वळले. एका गोल्फ मैदानावर आढळलेली बारीक पात्यांची हरळी आणि आफ्रिकेतील सायनोडॉनची दुसरी, अधिक नाजूक जाती यांचा संकर करून १९५६ मध्ये त्यांनी 'टिफग्रीन' आणले, १९६० मध्ये 'टिफवे'. १९६५ मधले 'टिफड्वार्फ' हे टिफग्रीनमध्येच आपोआप झालेल्या बदलातून निवडलेले. उष्ण प्रदेशांतील गोल्फची मैदाने पुढे याच कुळातल्या गवतांनी व्यापली.

या संकरित हरळीला बी धरत नाही. आईकडून ३६ गुणसूत्रांचा निम्मा वाटा, बापाकडून १८ चा निम्मा, एकूण २७. विषम संचामुळे बीजनिर्मितीच्या वेळी जोड्या जुळत नाहीत. मग लावणी कशी? खोडाचे तुकडे करून. हे ऐकून विद्यार्थ्यांनी न सांगता केळीचे नाव घेतले, आणि ते बरोबर होते! जळगावची केळीही अशीच तीन संचांची, ३३ गुणसूत्रांची, म्हणून बिनबियांची आणि कंदापासून लावायची. केळीची बाग काय आणि ग्रीन काय, सगळी रोपे एकाच रोपाच्या प्रती. सारखेपणा हाच गुण आणि संकट आले की हाच दोष.

बर्टन यांचे दुसरे आवडते पीक होते बाजरी. परागकण वांझ असलेला 'टिफ्ट २३ ए' हा बाजरीचा मादी वाण त्यांनी तयार केला. बाजरीच्या इवल्या फुलांतून हाताने पुंकेसर काढत बसणे अशक्य. मादी वाणच वांझ परागाचा मिळाल्याने संकरित बियाणे शेतावर पिकवता येऊ लागले. हा वाण भारतात आला आणि त्याच्यापासून लुधियानाला एचबी-१ ही देशातली पहिली संकरित बाजरी तयार झाली. वर्ष १९६५, म्हणजे टिफड्वार्फचेच. अमेरिकेत ज्या हातांनी श्रीमंतांच्या खेळाची हिरवळ घडवली, त्याच हातांचा वाण आपल्या कोरडवाहू शेतात पोहोचला होता.

१९७०-७१ मध्ये देशातील बाजरीचे उत्पादन ८० लाख टनांपर्यंत गेले. पुढच्याच वर्षी ते घसरले. पावसाची साथ नव्हती हे एक कारण. दुसरे कारण होते गोसावी रोग, ज्याला केवडाही म्हणतात. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा गुच्छ येतो आणि दाणा भरत नाही. शेतोशेती पसरलेल्या संकरित वाणांची आई एकच होती आणि तिच्यात या रोगाशी झुंजण्याची ताकद नव्हती. दमट हवा मिळाली की रोगाला एका शेतातून दुसऱ्यात जायला अडथळा उरत नसे. पुढे प्रतिकारक मादी वाण तयार झाले आणि बाजरी सावरली. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातही बाजरीवर संशोधन चालते. लोहाचे प्रमाण अधिक असलेली 'धनशक्ती' ही बाजरी इक्रिसॅट आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या धुळे केंद्राच्या सहकार्यातून आलेली आहे.

राहिला पाण्याचा हिशेब. तो फळ्यावर मांडावा असा सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्या उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. हे धरणे फार उदार नाही. अठरा छिद्रांच्या मैदानावर ३० हेक्टर हिरवळ भिजवायची झाली तर रोज १८ लाख लिटर. ग्रामीण पाणीयोजनांचा दरडोई ५५ लिटरचा निकष लावला, तर ३२ हजारांहून अधिक माणसांचे दिवसाचे पाणी.

महाराष्ट्रात हा हिशेब एकदा न्यायालयातही गेला. मैदान गोल्फचे नव्हते, क्रिकेटचे होते; प्रश्न तोच होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी नेले जात होते, आणि त्याच वेळी आयपीएलच्या सामन्यांसाठी मैदाने भिजवली जाणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे राज्यातील १३ सामने बाहेर हलवण्याचा आदेश दिला. पिण्याऐवजी शुद्ध केलेले सांडपाणी वापरू, असे संयोजकांनी सांगून पाहिले होते. तो उपाय मुळात वाईट नाही. जगात अनेक गोल्फ मैदाने अशाच पाण्यावर चालतात, आणि खारट पाणी सोसणारे पास्पॅलम नावाचे गवतही त्यासाठी वापरतात. पण हे सारे आधी उभारावे लागते. दुष्काळ आल्यावर न्यायालयात सांगून चालत नाही.

शिरपूरला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. तापीकाठच्या गाळाच्या प्रदेशात पिवळ्या मातीचे जाड थर पाणी खाली मुरू देत नाहीत, आणि उपसा करून करून विहिरी कोरड्या पडल्या होत्या. भूजल सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून इथे नाले रुंद आणि खोल करून साखळी बंधारे बांधण्याचे काम सुरू केले. 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ते गाजले. किती खोल जावे याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण थेंबाथेंबासाठी इथे किती खणावे लागते हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणूनच शाळेच्या फाटकाशी 'लॉन' करावे अशी सूचना शिक्षकांच्या बैठकीत आली तेव्हा मी हिशेबाची वही पुढे केली. जागा ५०० चौरस मीटर. गुणिले ६, म्हणजे रोज ३००० लिटर. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग असे ठरले, की विकतचे गवत आणायचे नाही; मुलांनी शेतातली हरळी आणून पावसाळ्यात लावायची, आणि दसऱ्यानंतर एक बादलीही पाणी घालायचे नाही. त्या आठवीतल्या मुलाने दोन पोती भरून हरळी आणली. वडील खूश झाले म्हणे, फुकट निंदणी झाली.

सोबत आम्ही एक प्रयोगही केला. पांढरी खोडे काढून काही तुकडे मे महिन्यात शाळेच्या गच्चीवर उन्हात पसरले, काही कुंडीत वीतभर खोल पुरले. जूनमध्ये सगळे लावले. गच्चीवरचे एकही फुटले नाही, पुरलेले बहुतेक फुटले. उन्हाळ्यात खोल नांगरून ढेकळे तापवायची शेतकऱ्याची पद्धत कशासाठी, ते मुलांना त्यातून कळले.

फाटकाजवळची हिरवळ फेब्रुवारीत पिवळी पडली आणि एप्रिलमध्ये पार मातीच्या रंगाची झाली. पाहुणे येणार म्हणून एकदा टँकर मागवायची भाषा झाली, पण मुलांनीच वही दाखवली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. चौथ्या दिवशी सकाळी शिपाईमामा सांगत आले, की फाटकाशी सुईसारखे हिरवे कोंब वर आले आहेत.